कुठपासून कळलं नाही?

विद्वान म्हणून माझी ख्याती आयुष्यात एकदाच झाली आणि तीही अपघाताने. शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला सरांनी विचारले की, सोडियमची संज्ञा 'एन ए' अशी का, 'एस ओ' अशी का नाही, आणि वर्गात पसरलेल्या शांततेत माझ्या तोंडून निघून गेले, "सर, लॅटिनमध्ये त्याला नॅट्रियम म्हणतात." आदल्या रात्री भलताच धडा शोधत असताना एका चौकटीत मला ते वाक्य दिसले होते. त्या चौकटीच्या बाहेरचे मला काहीही येत नव्हते. सरांनी मात्र मान डोलावली, आणि त्या एका डोलावण्यावर वर्गाने मला रसायनशास्त्राचा जाणकार ठरवून टाकले.

हा गैरसमज मी दूर करायला हवा होता. त्याऐवजी मी घरी जाऊन तशीच आणखी नावे पाठ केली : लोखंड म्हणजे फेरम, शिसे म्हणजे प्लंबम, पारा म्हणजे हायड्रार्जिरम, पोटॅशियम म्हणजे कॅलियम, आणि टंगस्टनची संज्ञा 'डब्ल्यू' का, असे कुणी विचारलेच तर तयारी असावी म्हणून वोल्फ्राम. मतदारयादी तोंडपाठ असावी आणि गावात एकही माणूस ओळखीचा नसावा, तशी माझी या मूलद्रव्यांशी जवळीक होती.

परीक्षा तोंडावर आल्यावर व्हायचे तेच झाले. मधल्या सुट्टीत माझ्या बाकाभोवती तिघे जण वह्या घेऊन जमू लागले. त्यांतल्या एकाला आख्खे पुस्तक पाठ होते आणि त्यातले एक वाक्यही कळलेले नव्हते. दुसरी होती मोत्यासारख्या अक्षराची आमची मैत्रीण, जिच्या वहीतली चूकसुद्धा इतकी देखणी दिसे की, ती खोडायचे धाडस होत नसे. तिसरा मागच्या बाकावरचा. तो वर्गात कधी बोलत नसे आणि त्याला काही येत नाही, यावर शिक्षक, विद्यार्थी आणि तो स्वतः या सर्वांचे एकमत होते. डॉक्टरांनी 'कधीपासून दुखतंय?' असे विचारावे त्या थाटात मी वही पुढे ओढत असे आणि विचारत असे, "कुठपासून कळलं नाही?"

"अणूपासून," मागच्या बाकावरचा म्हणाला. अणू हा धडा पहिलाच होता. आम्ही सगळे पोटभर हसलो.

सुरुवात मी समीकरणे संतुलित करण्यापासून केली, कारण त्यात समजण्यापेक्षा मोजण्याचा भाग जास्त आहे आणि चारपर्यंतचे आकडे मला येत होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून पाणी तयार होते. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एक. मी म्हणालो, "आता हे दोन्हीकडे सारखे करायचे." मैत्रिणीने क्षणाचाही विलंब न लावता उजवीकडच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या पायाशी एक सुबक दोनचा आकडा काढला आणि वही माझ्यापुढे सरकवली. हिशेब चोख जुळत होता. फक्त पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड झाले होते.

"रेणूच्या आतल्या आकड्याला हात लावायचा नाही, फक्त पुढे आकडा लिहायचा," असे मी समजावले.

"पण नुसता दोनच तर लिहिला!" ती म्हणाली. एका अणूच्या फरकाने पिण्याचे पाणी जंतुनाशक होते, हे तिला पटवायला मला मधली सुट्टी पुरली नाही. तिचे म्हणणे असे की, इतक्या लहानशा चुकीबद्दल निसर्गाने इतके मनाला लावून घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी इथेनच्या ज्वलनाची पाळी होती. कार्बन जुळला, हायड्रोजन जुळला आणि उजवीकडे ऑक्सिजनचे अणू भरले सात. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असल्यामुळे डावीकडे साडेतीन रेणू लिहिण्यावाचून इलाज उरला नाही. पाठांतरवाल्याने ते निर्विकारपणे लिहून घेतले, पण मागच्या बाकावरच्याने हात वर केला. (माझ्यासमोर हात वर करण्याची त्याची ही पद्धत मला अतिशय आवडत असे.) "अर्धा रेणू म्हणजे उरला एक अणू. मग तो ऑक्सिजनचा रेणू कसला?" मी गंभीर चेहऱ्याने सांगितले की, म्हणूनच सगळ्याला दोनाने गुणायचे : इथेनचे दोन रेणू, ऑक्सिजनचे सात, कार्बन डायऑक्साइडचे चार, पाण्याचे सहा. उत्तर बरोबर होते. ते 'म्हणूनच' मात्र मला त्याच्या प्रश्नानंतर सुचले होते; तोवर मी दोनाने गुणत असे ते केवळ सर गुणत असत म्हणून.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडून ठेवले आहे की, अभिक्रियेच्या आधी जेवढे द्रव्य असते तेवढेच नंतर असते. त्याने आमच्या वह्या पाहिलेल्या नव्हत्या. आमच्या प्रत्येक पानावर एखादा ऑक्सिजन नाहीसा होत असे आणि तो पुढच्या पानावरच्या, त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या अभिक्रियेत उगवत असे.

हे सारे सुसह्य होते. खरी परीक्षा मोल या संकल्पनेने पाहिली.

मोल म्हणजे डझनासारखेच एक माप आहे, असे सांगून मी सुरुवात केली. बारा पेन्सिली म्हणजे एक डझन, तसे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण म्हणजे एक मोल. आकडा किती मोठा आहे, हे ठसवण्यासाठी आम्ही एक गणितही केले. सेकंदाला दहा लाख या वेगाने एक मोल कण मोजायला बसले, तर सुमारे १९ अब्ज वर्षे लागतात आणि विश्वाचे वय आहे सुमारे १३.८ अब्ज वर्षे. म्हणजे विश्वाच्या पहिल्या क्षणापासून कुणी बोटे मोडत बसला असता, तरी तो अजून मोजतच असता. मैत्रिणीने ते वाक्य लाल शाईने चौकटीत लिहिले. मला वाटले, मोल संपला.

"पण एवढेच का?" मागच्या बाकावरच्याने विचारले. "सरळ दहाचा चोविसावा घात घ्यायचा. सहा पूर्णांक शून्य दोन दोन ही काय मोजायची रीत झाली?"

डझनात बाराच का, असे जन्मात कुणी कुणाला विचारत नाही, असे मी चिडून म्हणालो आणि रात्री गुपचूप पुस्तक उघडले. तेव्हा कळले की, अणू इतके हलके असतात की त्यांचे वजन ग्रॅममध्ये करायचे, तर त्यांचा असा प्रचंड घोळका एकदम तराजूत घालावा लागतो आणि त्या घोळक्याचा आकार ठरवला तो हिशेबाच्या सोयीने : कार्बनच्या बारा वस्तुमानांकाच्या समस्थानिकाचे, म्हणजे एकाच वजनाच्या कार्बन अणूंचे, बरोबर १२ ग्रॅम घेतले, तर त्यात जितके अणू भरतील तितके. त्यामुळे पाण्याचा रेणुवस्तुमानांक १८, म्हणून एक मोल पाणी १८ ग्रॅम. एक मोठा घोट. आता २० मे २०१९ पासून या व्याख्येतून कार्बनला निवृत्त करून आकडाच कायमचा ठरवून टाकण्यात आला आहे, पण घोट तेवढाच राहिला आहे.

त्याच रात्री मला आणखी एक गोष्ट समजली आणि तिने मोठा दिलासा दिला. या आकड्याला ज्याचे नाव आहे, त्या ॲव्होगाड्रो या इटालियन शास्त्रज्ञाला तो आकडा कधीच ठाऊक नव्हता. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखीच असते, हे त्याने १८११ साली मांडले. पण ती संख्या किती, याचा अंदाज बांधण्याचा मार्ग लोश्मिट या शास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवला, तेव्हा ॲव्होगाड्रोला जाऊन नऊ वर्षे झाली होती. पुढे १९०९ साली पेरॅन या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या अंकाला त्याचे नाव दिले. स्वतःला न आलेल्या उत्तराबद्दल एखाद्याचा असा सन्मान होऊ शकतो, हे वाचून माझ्या जाणकारपणाला प्रथमच शास्त्रीय आधार मिळाला.

तरीही अणू आणि रेणू यांचा घोळ काही संपेना. अठरा ग्रॅम पाण्यात ॲव्होगाड्रो अंकाइतके रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत तीन अणू असल्यामुळे अणू त्याच्या तिप्पट असतात, हे मी त्या आठवड्यात किमान वीस वेळा सांगितले असेल. शेवटी शेवटी तर मी 'रेणू' म्हणताना 'रे' वर इतका जोर देत असे की, शेजारच्या बाकावरचे वळून पाहत.

मूलद्रव्यांच्या इलेक्ट्रॉन संरूपणाबद्दल, म्हणजे अणूच्या कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन बसतात त्याबद्दल, मी फार बोलणार नाही, कारण तिथे माझी नाचक्की लवकर आटोपली. पोटॅशियमचे १९ इलेक्ट्रॉन दोन, आठ, आठ, एक असे बसतात. मागच्या बाकावरचा म्हणाला, "तिसऱ्या कवचात अठरा मावतात, असं तूच काल सांगितलंस. मग आठ बसल्यावर नववा उठून चौथ्यात का गेला?" बसमध्ये दहा आसने रिकामी असताना एखादा प्रवासी उतरून मागच्या बसची वाट पाहत उभा राहावा, तसा हा प्रकार होता खरा. मी कार्यालयीन आवाजात "नियम आहे" असे उत्तर दिले. चौथ्या कवचातल्या पहिल्या उपकवचाची ऊर्जा तिसऱ्यातल्या रिकाम्या उपकवचापेक्षा तिथे कमी पडते, म्हणून तो नववा पुढे जातो, हे मला दोन वर्षांनी कळले.

क्लोरीनच्या वेळी तर त्याने मला विचारलेच नाही. अणुवस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) ३५.५, अणुअंक (नुसते प्रोटॉन) १७, म्हणजे न्यूट्रॉन साडेअठरा, हा हिशेब पाठांतरवाल्याने वहीत लिहूनही टाकला होता. मागच्या बाकावरचा थोडा वेळ छताकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सरासरी असेल. चारातले तीन पस्तीसचे आणि एक सदतीसचा असला, तर बेरीज एकशे बेचाळीस. भागिले चार." मी पुस्तकात पाहिले. निसर्गातले क्लोरीनचे जवळपास तीन चतुर्थांश अणू खरोखरच ३५ चे आणि उरलेले ३७ चे निघाले. "बरोबर आहे," मी जणू त्याची परीक्षाच घेत असल्यासारखे म्हणालो.

मग आला ऑक्सिडीकरण आणि क्षपणाचा धडा. हे धडे ज्यांनी मराठीत आणले, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण क्षपण या शब्दाने आमचे जे हाल केले, ते कुठल्याही आम्लाने केले नसतील. क्षय, क्षीण, क्षपण. कानाला ऐकू येते ती घट. आणि व्याख्या सांगते की, क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन मिळणे. पाठांतरवाला पहिल्यांदाच अडखळला. "मिळाले तर वाढ व्हायला हवी," तो म्हणाला, "कमी कसं झालं?" मी खनिजापासून धातू मिळवताना ऑक्सिजन निघून जातो आणि वजन घटते, त्यावरून हे नाव पडले, असा इतिहास सांगू लागलो. तो खरा होता, पण तो ऐकून कुणाचाही चेहरा उजळला नाही. तांब्याचा दोन धन प्रभार असलेला आयन दोन इलेक्ट्रॉन घेऊन साधे तांबे होतो, हेही मी फळ्यावर लिहिले. तिघे त्याकडे नुसते पाहत राहिले.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्याने विचारले, "इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो ना?"

"हो."

"मग ऋण म्हणजे कर्जच की. ज्याच्या गळ्यात दोन कर्जं पडली, त्याची पत दोनाने घटली. झालं क्षपण."

बाकाभोवती शांतता पसरली. मैत्रिणीने लाल शाईचे पेन काढले. पाठांतरवाल्याने ते वाक्य पुटपुटून पाहिले आणि चेहऱ्यावर आश्चर्य घेऊन थांबला, कारण पाठ करण्याआधीच ते त्याला समजले होते. मला मात्र तो शब्द इतकी वर्षे समोर असून दिसला नव्हता. मी म्हणालो, "अगदी हेच मी सांगणार होतो." त्याने खरे मानले असावे, कारण तो "बरं" म्हणाला.

परीक्षेत तिसऱ्या प्रश्नातला दुसरा उपप्रश्न होता : अठरा ग्रॅम पाण्यात एकूण अणू किती? तो वाचून मला इतका आनंद झाला की, प्रश्न पूर्ण वाचण्याचीही गरज वाटली नाही. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, असे ठसठशीत अक्षरात लिहून मी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. बाहेर आल्यावर मैत्रिणीने विचारले, "तिप्पट केलेस ना?" मी कशाची तिप्पट, असे विचारणार होतो, पण तिचा चेहरा पाहून थांबलो. तिघांनीही तिप्पट केली होती. वीस वेळा ऐकल्यावर कोण विसरेल?

पेपर हातात पडले त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सवयीने वही काढून बसलो, पण बाकाजवळ कुणी आले नाही. मान वळवून पाहिले, तर वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात गर्दी होती. थोडा वेळ मी फेरम, प्लंबम, कॅलियम ही नावे मनात म्हणून पाहिली आणि मग वही काखोटीला मारून तिकडे गेलो. माझ्या उत्तराखालच्या त्या दोन रेघांवर सरांनी लाल फुली मारली होती. मागच्या बाकावरच्याने सरकून जागा करून दिली, वही स्वतःकडे ओढून घेतली आणि विचारले,

"कुठपासून कळलं नाही?"

"अणूपासून," मी म्हणालो. या वेळी कुणी हसले नाही.