पिणारं वासरू आणि गाईचा माज: खुलासा

‘वासरू पितंय तोवर गाय गाभण राहत नाही’ असा मेसेज फिरतोय. अर्धंच खरं आहे ते. पिण्यामुळे माज (गाय गाभण राहायला तयार होण्याचा काळ) लांबणीवर पडतो, बंद होत नाही. आयर्लंडमध्ये मांसासाठी पाळलेल्या कळपांत वासरं ७-८ महिने आईलाच पितात. तरी वसंतात व्यालेल्या गाई उन्हाळ्यात, वासरू अंगावर असतानाच, पुन्हा फळतात. फळायलाच हव्यात! गाभणकाळ साधारण २८३ दिवसांचा. दरवर्षी वेत हवं तर हाताशी जेमतेम ८२ दिवस उरतात.

खरी अडचण बहुतेकदा चाऱ्याची. विताना बरगड्या दिसणारी गाय उशिरा माजावर येते, पहिल्या वेताची असेल तर जास्तच. चांगलं कुरण आधी तिला द्या. वासरू बाजूला बांधून दिवसातून दोनदाच पाजलं, तरी माज लवकर यायला मदत होते.