उसवणकाम

जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवून त्यांतून आधुनिक वस्त्रकला निर्माण करण्याचा निश्चय मी जाहीर केला, तेव्हा मला शिवणकाम येत नाही हे घरातील सर्वांना ठाऊक होते आणि त्यांनी ते मोकळेपणाने बोलूनही दाखवले. मात्र या उद्योगात शिवणे अगदी थोडे असून उसवणे अमाप असते, ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती आणि मलाही. नवे कापड आणणारा माणूस कात्री लावून मोकळा होतो. जुन्या शर्टातून गोधडी काढू पाहणाऱ्याला आधी तो शर्ट मोडावा लागतो, आणि शर्ट ही वस्तू दिसते तितकी मोडायला सोपी नाही.

अंगात असताना हाच शर्ट किती नाजूक असतो! दाराच्या कडीत अडकला की बाही फाटते आणि चारचौघांत बसलो असताना नेमके पोटावरचे बटण साथ सोडते. तोच शर्ट उसवायला घेतला की एखाद्या बुरुजासारखा लढतो. कॉलरच्या पोटात एक ताठ अस्तर चिकटवलेले असते, ते कापडापासून सुटावे म्हणून मी अर्धा तास झगडलो आणि कॉलर जिंकली. यंत्रावरची टीप उसवण्याची रीत अशी की, एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका सीम रिपरने, म्हणजे टाके उसवायच्या टोकदार हत्याराने, कापावा आणि कापड उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढावा, म्हणजे तो सबंध निघून येतो. हे वाक्य जितक्या लवकर संपले तितक्या लवकर ती शिवण संपत नाही. तीन टाके मोजेपर्यंत माणसाच्या मनात इतर विचार येऊ लागतात, चौथ्याला तो कोठवर आलो हे विसरतो आणि पाचव्याला रिपर दोऱ्याऐवजी कापडात शिरतो.

जीन्सच्या पायाच्या दुमडीला पुष्कळदा साखळी टाका असतो. त्याचे योग्य टोक सापडले तर एका ओढीत सगळी दुमड सर्रकन उसवते, आणि चुकीचे टोक धरले तर दोरा कापडाला अधिकच बिलगतो. टोके दोनच असल्याने निम्म्या वेळा तरी यश यायला हवे, पण माझ्या हाती आजवर प्रत्येक वेळी दुसरेच टोक आले आहे. खिशांच्या कोपऱ्यांवरच्या तांब्याच्या रिव्हेटांना तर उसवणे हा शब्दच लागू होत नाही. कष्टकऱ्यांचे खिसे फाटू नयेत म्हणून एका शिंप्याने ही युक्ती काढली आणि 1873 साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. त्या शिंप्याचा आपल्या कामावर किती विश्वास असावा, हे माझ्या कात्रीच्या पात्याला पडलेल्या खाचेवरून कळते.

कापडाची जात ओळखण्यासाठी धागा जाळून पाहतात. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, तर पॉलिएस्टर वितळते आणि थंड झाल्यावर त्याची टणक गुठळी बनते. ही परीक्षा चिमट्यात धरलेल्या चिमूटभर धाग्यांवर, पाण्याचे भांडे शेजारी ठेवून घ्यायची असते. मी ती कडक तापलेल्या इस्त्रीने अख्ख्या ठिगळावर घेतली. निकाल अचूक लागला आणि तो आजही इस्त्रीच्या तळाला चिकटून आहे.

या सगळ्या धुमश्चक्रीत दादाचा निळ्या चौकड्यांचा शर्ट माझ्या ढिगात कसा आला, याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत. माझ्या मते तो जुन्या कपड्यांच्या गाठोड्यावर होता, तर दादाच्या मते तो गाठोड्याशेजारच्या खुर्चीवर, दुसऱ्या दिवशी घालायचा म्हणून काढून ठेवलेला होता. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड कोपरांशी विरले होते, पण पाठ शाबूत होती. गोधडीवाल्याला शर्टाच्या पाठीचे मोल फार, कारण शिवणीविना सलग कापड मिळते ते तिथेच. मी तो शर्ट परतही केला असता, पण बाह्या आधीच निघाल्या होत्या.

“अरे, माझा चौकड्यांचा शर्ट कुठे दिसला का?” दादाने विचारले.

“कोणत्या अवस्थेत?” मी म्हणालो.

त्याची समजूत घालण्यासाठी मी त्याला जीज बेंडची हकीकत सांगितली. अलाबामातील या लहानशा वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्यापुराण्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतींवर लावण्यात आल्या आणि 2006 साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांतील दहा गोधड्यांची तिकिटे काढली. त्यांच्यापैकी मिझूरी पेटवे हिने 1942 साली आपल्या दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांतून त्याची आठवण म्हणून शिवलेली गोधडी विशेष नावाजली गेली आहे. एवढे सांगताना माझाच कंठ दाटून आला. दादाने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, “पण मी अजून आहे.”

शर्टाची पाठ, पुढचे दोन्ही भाग आणि बाह्या कामी आल्या. छातीवरचा खिसा मात्र काही केल्या निघेना, कारण त्याच्या वरच्या कोपऱ्यांना शिवणाऱ्याने दोन-दोनदा टीप मारलेली होती. शेवटी मी त्याला ‘रचनेचा केंद्रबिंदू’ असे नाव देऊन होता तिथेच राहू दिले. आधुनिक वस्त्रकलेचा हा मोठा आधार आहे. पारंपरिक गोधडीत ज्याला चूक म्हणतात, तिला येथे संकल्पना म्हणता येते.

शिवणीच्या हिशेबाला मात्र संकल्पना कळत नाही. साडेचार इंचांचे चौकोन कापायचे आणि प्रत्येक बाजूचा पाव इंच, म्हणजे दोन सूत, शिवणीत जाऊ द्यायचा, म्हणजे चार इंचांचा चौकोन उरतो. एका ओळीत बारा चौकोन म्हणजे अकरा शिवणी. प्रत्येक शिवणीने दोन्हीकडचे केवळ अर्धे-अर्धे सूत जास्त खाल्ले, तरी ओळ अकरा सुतांनी, अर्थात 1 इंच 3 सुतांनी आखडते. ही चूक लक्षात आल्यावर पुढच्या ओळीत मी इतका सावध झालो की ती तेवढीच लांबली. दोन्ही ओळी एकमेकींना जोडायला घेतल्या, तेव्हा एकीला ओढून आणि दुसरीला चुण्या घालूनही त्यांचे जमेना, म्हणून पुन्हा उसवणे आले. ते काम मात्र सुखाचे झाले, कारण माझे टाके उसवायला रिपर लागत नाही. त्यांची नुसती विचारपूस केली तरी ते सुटतात.

रंगसंगती दुरून जोखावी लागते, आणि खोली लहान असेल तर दुर्बीण उलटी धरून पाहावे, असे जाणकार सांगतात. मी पाहिले. उलट्या दुर्बिणीतून माझी गोधडी खरोखरच सुंदर दिसली आणि तिचे सौंदर्य अंतरावर अवलंबून आहे, हे मी मनाशी नोंदवून ठेवले.

मग वरचा थर, मधला कापूस आणि खालचे अस्तर जमिनीवर पसरून त्यांना चार-चार इंचांवर सेफ्टी पिना लावल्या. 48 बाय 60 इंचांच्या गोधडीला अशा 180 पिना लागतात. पिनेचे टोक वर उचलायला चमचा वापरला तर बोटे वाचतात, ही युक्ती मला सुमारे 150व्या पिनेपाशी समजली. सर्व पिना लावून गोधडी उचलली, तेव्हा तिच्याबरोबर खालची सतरंजीही उठून आली. त्या 180 पिना काढून पुन्हा लावण्याचे वर्णन मी करणार नाही. त्यानंतर धावदोरा घालण्यात कित्येक महिने गेले आणि अंगुस्तान ज्या बोटात घालावे, ते सोडून बाकी सर्व बोटांना सुई टोचली.

भिंतीवर टांगायच्या गोधडीला मागून कापडाची एक नळी शिवतात आणि तीतून दांडी ओवतात. पायजम्याला जो नेफा असतो तोच हा, फक्त कलेचा. संग्रहालयांत वस्त्रांवर साधारणपणे 50 लक्सहून (लक्स हे उजेडाचे माप) अधिक उजेड पडू देत नाहीत, कारण प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. बैठकीच्या खोलीत तेवढा अंधार करावा म्हणून मी पडदे ओढायला गेलो, तेव्हा आठवले की पडदे गोधडीच्या अस्तराला लागले आहेत. सध्या खिडकीवर सतरंजी आहे. त्या अंधारात रंगांचे रक्षण होते आणि माझ्या टाक्यांचेही.

पंधरवड्यापूर्वी मला रचनेच्या केंद्रबिंदूत दादाचा चष्मा सापडला. मी तो काढून टेबलावर ठेवला, तर दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या जोडीला विजेचे बिल आणि किल्ल्यांचा जुडगा आला. त्या भाराने खिशाच्या भोवतालचे माझे टाके एकेक करून सुटू लागले आहेत, आणि चौकड्यांचा तो चौकोन आता शेजाऱ्यांना जेमतेम धरून आहे. खिसा तसूभरही हललेला नाही.

“बाकी काही म्हण,” परवा त्यात पेन खोवता खोवता दादा म्हणाला, “खिसा मात्र तू फार भक्कम शिवला आहेस.”