“प्रश्नांची उत्तरं देत बसू नका” म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आत्यानं एक मेसेज पाठवला. खाली तिनं लिहिलं होतं, “तुझ्याच कामाचं आहे बघ. मी सगळं आणून ठेवलंय.” असे मेसेज रोज येतात, एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण ‘आणून ठेवलंय’ वाचलं आणि तशीच उठून तिच्याकडे गेले. मी अँब्युलन्सवर काम केलंय आणि आता नव्या ईएमटींना, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांना, औषधं कशी द्यायची ते शिकवते. त्या मेसेजमधल्या आठ सूचनांपैकी एक जरी आमच्या परीक्षेत कुणी उत्तर म्हणून लिहिली, तर मी त्याला गाडीवर चढू देणार नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मथितार्थ असा: अँब्युलन्समध्ये जी औषधं असतात तीच घरात ठेवा आणि स्वतःच द्या. छातीत दुखलं की जिभेखाली नायट्रेटची गोळी, दुखणं थांबेपर्यंत एकामागून एक. थांबलं तर तो हार्ट अटॅकच होता. छातीत दुखो की लकवा मारो, ॲस्पिरिन द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरेचं पाणी सोडा. ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला. बीपी वाढलं की कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळा. ॲलर्जीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन घेऊ नका, हृदय बंद पडतं. एक्सपायरीची तारीख ही कंपन्यांची चाल आहे. आणि शेवटी ठळक अक्षरांत: “अँब्युलन्सवाले प्रश्न विचारून वेळ घालवतात. उत्तरं देत बसू नका, आधी औषध द्या म्हणून सांगा.”

सुरुवात या शेवटच्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त घात याच वाक्यात आहे.

आत्याच्या घरी खिडकीत वारांच्या कप्प्यांची एक प्लास्टिकची पेटी होती. रविवारच्या कप्प्यात नायट्रोग्लिसरीनच्या, म्हणजे मेसेजमधल्या त्या नायट्रेटच्या, बारीक पांढऱ्या गोळ्या, गडद काचेच्या बाटलीतून काढून सुट्या टाकलेल्या. या गोळ्यांना उजेड, उष्णता, ओल काहीच सोसत नाही. म्हणून तर त्या घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत येतात आणि त्यातच ठेवायच्या असतात. पण ते पुढचं. शेजारी सोमवारच्या कप्प्यात काकांची रोजची औषधं होती. त्यातली एक पट्टी मी उलटी करून वाचली: टॅडालाफिल, ५ मिलिग्रॅम.

“काका हे रोज घेतात?”

“हो, रात्री. ती लघवीची गोळी आहे.”

आत्याचं चुकलं नव्हतं. टॅडालाफिल प्रोस्टेटच्या त्रासासाठी रोज देतात आणि तिच्या लेखी ती लघवीचीच गोळी आहे. पण हेच औषध सिल्डेनाफिलच्या, म्हणजे वायग्राच्या घराण्यातलं. नायट्रेट शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे पेशींमध्ये सीजीएमपी नावाचं एक रसायन वाढतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. हे रसायन मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, आणि टॅडालाफिल नेमकं त्यालाच अडवून धरतं. म्हणजे एक औषध नळ सोडतं आणि दुसरं मोरी बुजवतं. रक्तदाब असा कोसळतो की तो वर आणणं हॉस्पिटलातही सोपं नसतं. म्हणून सिल्डेनाफिल किंवा व्हार्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट द्यायचं नाही, असा नियम आहे. काका ही गोळी रोज घेतात. म्हणजे त्यांच्यासाठी नायट्रेट चालेल असा दिवसच नाही. आणि आत्यानं पेटीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवली होती, त्यांच्या काळजीपोटी.

हे एका प्रश्नानं कळतं. “दुसरी कुठली औषधं चालू आहेत?” हाच तो ‘वेळ घालवणारा’ प्रश्न. तोही नीट विचारावा लागतो. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, “पुरुषांची ती गोळी घेता का?” असं विचारलंत तर संकोचानं ‘नाही’ येईल, आणि काकांसारख्या माणसाकडून अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ येईल. म्हणून विचारायचं: बीपीची, लघवीची, फुप्फुसांतल्या दाबाची, कुठलीही गोळी दोन दिवसांत घेतली का? पट्ट्या दाखवा. शक्यतो स्वतः हातात घेऊन वाचायच्या.

बाकीचे प्रश्नही असेच. कशाची ॲलर्जी आहे? आधी काय आजार होते? शेवटचं कधी खाल्लं? दुखायला लागलं तेव्हा काय करत होतात? मग औषध देण्याआधी सहा गोष्टी जुळवायच्या: माणूस तोच, औषध तेच, मात्रा तीच, देण्याचा मार्ग तोच, वेळ तीच, आणि दिल्यावर नोंद. लेबल तीनदा वाचायचं: पिशवीतून काढताना, मात्रा तयार करताना, आणि देण्याच्या अगदी आधी. साथीदाराला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि त्याच्या तोंडून परत ऐकायचं. फोनवर डॉक्टरांनी आदेश दिला तर औषध, मात्रा, मार्ग त्यांना जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, मगच हात हलवायचा. सरावलेली जोडी हे सगळं बीपीचा पट्टा बांधता बांधता करते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नुसते बोलतायत. अहो, ते औषधच देतायत. गोळी जिभेखाली ठेवणं हे त्या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे.

आता ‘दुखणं थांबेपर्यंत एकामागून एक’. नायट्रोग्लिसरीनची नेहमीची मात्रा ०.४ मिलिग्रॅम, पाच पाच मिनिटांच्या अंतरानं, जास्तीत जास्त तीनदा. आणि प्रत्येक वेळी आधी बीपी मोजून. वरचा आकडा १०० च्या खाली असेल तर बहुतेक नियमावल्यांत गोळी द्यायची नाही. काही ठिकाणी ही हद्द ९० धरतात. माणसाला बसवून किंवा आडवं करून द्यायची, उभ्यानं कधीच नाही. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका बसला असेल तर ते हृदय मागून येणाऱ्या रक्ताच्या भरवशावरच चाललेलं असतं. नायट्रेटनं तेही आटतं. घरात बीपी न मोजता गोळ्यांवर गोळ्या देणाऱ्याला हे कळणार कसं? माणूस गार पडतो, घाम फुटतो, आणि घरच्यांना वाटतं अटॅक वाढला, म्हणून आणखी एक गोळी.

आणि ‘गोळीनं थांबलं म्हणजे अटॅकच’ हे तर धडधडीत खोटं. जुन्या काळी काही डॉक्टरही असं मानायचे. २००३ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये ४५९ रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांच्या छातीत दुखण्याचं मूळ खरोखर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत होतं, त्यांपैकी ३५ टक्क्यांना नायट्रोग्लिसरीननं आराम पडला. ज्यांचं मूळ तिथे नव्हतं, त्यांच्यात ४१ टक्क्यांना. म्हणजे गोळी निदान करतच नाही. याची उलटी बाजू जास्त भीतीदायक आहे. आराम पडला नाही म्हणून ‘गॅस असेल’ म्हणत लोक घरी थांबतात.

ॲस्पिरिनचं मात्र मान्य करावं लागेल, आणि ते मी जड मनानं करते, कारण या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर बाकीचा मेसेज लोकांच्या गळी उतरतो. ॲस्पिरिन खरंच जीव वाचवतं. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. हार्ट अटॅकचा संशय असलेल्यांना १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन महिनाभर रोज दिलं, तर पहिल्या पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. इतकी साधी गोळी आणि इतका फरक. म्हणूनच अनेक देशांत नव्या ईएमटीच्या हातातही ॲस्पिरिन असतं, आणि अँब्युलन्सचा फोन उचलणारे प्रशिक्षित लोकसुद्धा ती चावायला सांगतात. चावून खायला, अख्खी गिळायला नाही, हे मेसेजमध्ये नाही. ॲलर्जी आहे का, पोटातून किंवा कुठून रक्त जातंय का, हे विचारून, हेही नाही.

पण ‘लकवा मारला तरी ॲस्पिरिन’ हे ज्यानं लिहिलं त्याच्यावर मला मनापासून राग आहे. लकवा रक्ताची गुठळी अडकून होतो, तसा मेंदूत रक्तस्राव होऊनही होतो. स्कॅन केल्याशिवाय दोन्हींतला फरक बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, मोठ्या डॉक्टरांनाही नाही. रक्तस्राव असेल तर तुम्ही रक्त गोठण्याची वाटच बंद करता. शिवाय लकव्याच्या रुग्णाला अनेकदा धड गिळताच येत नाही. तिथे काम एकच: लक्षणं सुरू कधी झाली ती वेळ लिहून ठेवा आणि गाडी बोलवा. हॉस्पिटलमध्ये पुढचे उपचार त्या वेळेवरच ठरतात.

गिळण्यावरून साखरेचं पाणी. साखर उतरलेला माणूस शुद्धीवर असेल, स्वतः धरून गिळू शकत असेल, तर गोड जरूर द्या. ईएमटीसुद्धा ग्लुकोजची जेल देतो, पण आधी त्याला नाव विचारतो, थुंकी गिळून दाखवायला सांगतो. बेशुद्ध माणसाच्या घशात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. त्याला कुशीवर वळवा, तोंड मोकळं ठेवा, आत काही घालू नका.

कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायची ही पद्धत एके काळी खरंच होती, निफेडिपिन या बीपीच्या औषधाची. बीपी इतकं झपकन उतरायचं की लोकांना लकवे आणि अटॅक आले. १९९६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत थांबवण्याचं आवाहन छापून आलं. इतकी वर्षं झाली, आणि मेसेजमध्ये ती अजून जिवंत आहे.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. तेही औषधच आहे, त्यालाही मात्रा आहे. स्वीडनमध्ये ६,६२९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली छापलेल्या चाचणीत, ज्यांच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९० टक्के किंवा त्याहून वर होती अशा, अटॅकचा संशय असलेल्या लोकांना सरसकट ऑक्सिजन दिल्यानं वर्षभरातल्या मृत्यूंत फरक पडला नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या फुप्फुसांच्या आजाराच्या, जुन्या रुग्णांना तर ८८ ते ९२ टक्क्यांवर धरायचं असतं. त्यांना पूर्ण नळ सोडून ठेवणं घातक ठरतं. कमी असेल तर द्या, मोजून द्या.

ॲड्रेनालिनची भीती मात्र मला थांबून खोडायलाच हवी, कारण या भीतीनं माणसं मरतात. घसा आवळणाऱ्या, बीपी पाडणाऱ्या गंभीर ॲलर्जीत पहिलं औषध तेच आहे. खाजेची गोळी पुरळ आणि खाज कमी करते, श्वासनलिका उघडत नाही, बीपी वर आणत नाही. मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, मोठ्या माणसाला ठरलेल्या पेनमधून, म्हणजे मात्रा आधीच भरलेल्या पेनसारख्या इंजेक्शनमधून, ०.३ मिलिग्रॅम, लहान मुलांच्या पेनमधून ०.१५. गरज पडली तर कपड्यावरूनही देता येतं. पेन मुठीत धरायचं, अंगठा टोकावर ठेवायचा नाही. घाईत उलटं धरून स्वतःच्याच अंगठ्यात सुई गेल्याचे प्रकार होतात. धडधड होते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो. ही अपेक्षित गोष्ट आहे आणि ओसरते.

हृदयाला धोका हे अर्धसत्य आलं कुठून, तेही सांगते. ॲड्रेनालिन दोन तीव्रतांत मिळतं. स्नायूत द्यायचं ते एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. हृदय बंद पडल्यावर शिरेतून द्यायचं ते एका मिलिलिटरमध्ये ०.१. लेबलवर १:१००० आणि १:१०,००० असं लिहिलेलं असायचं. एका शून्याच्या गफलतीनं दहापट मात्रा, किंवा स्नायूतलं इंजेक्शन शिरेत. अमेरिकेत २०१६ पासून लेबलवरची ही गुणोत्तरं काढून टाकली. धोका होता तो चुकीच्या मात्रेत आणि चुकीच्या मार्गात. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांकडून शंभरदा गिरवून घेतो: ०.५ लिहा, .५ नको, ५ लिहा, ५.० नको. टिंब पुसट उमटलं की अर्ध्याचे पाच होतात आणि पाचाचे पन्नास.

एक्सपायरीचं एवढंच: बंद पाकिटातली, थंड कोरड्या जागी ठेवलेली बरीच औषधं तारखेनंतरही टिकतात, हे अमेरिकी लष्कराच्या साठ्यांच्या तपासणीत दिसलंय. खिडकीतल्या पेटीतल्या सुट्या नायट्रोग्लिसरीनला त्यातलं काही लागू नाही.

आत्याच्या पेटीतल्या त्या गोळ्या मी काढून घेतल्या. ती जराशी दुखावली. “मग मी काहीच करायचं नाही का?” म्हणाली. मी तिला वहीचा एक कागद दिला आणि काकांना शेजारी बसवलं. नाव, वय, आजार. ॲलर्जी: सल्फाची, ही मलाही माहीत नव्हती. मग एकेक पट्टी बघून तिनं स्वतःच्या अक्षरात औषधं लिहिली, मात्रेसकट. टॅडालाफिलच्या पुढे कंसात ‘लघवीची’ लिहिलं आणि त्याखाली मी सांगितलं तसं, ‘नायट्रेट देऊ नये’. शेवटचा रकाना तिनं स्वतःहून आखला, शेवटची गोळी कधी घेतली त्याचा. कागद आता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. काल रात्री तिचा फोन आला. काकांनी साडेनऊला गोळी घेतली, तशी तिनं पेन्सिलनं लिहिली होती, आणि रोज खोडून नवी वेळ लिहिली तर चालेल ना, एवढंच तिला विचारायचं होतं.