इंटर्नशिप संपल्यावर दुसऱ्या दिवशी काय?

इन्व्हेस्टमेंट बँकेतली, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणाऱ्या आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार जुळवणाऱ्या बँकेतली इंटर्नशिप की दुसरीकडची कायमची नोकरी? हा पेच घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी मनातल्या मनात इंटर्नशिप निवडून टाकलेली असते, कारण बँकेचं नाव मोठं असतं. त्यांना फक्त कुणीतरी 'हो' म्हणायला हवं असतं. मी ते लगेच म्हणत नाही.

शिक्षणाचं एक वर्ष बाकी असेल, तर इंटर्नशिप बेधडक घ्या. समर इंटर्नशिप साधारण दहा आठवड्यांची असते आणि मोठ्या बँका पहिल्या वर्षाचे बरेचसे ॲनालिस्ट (सगळ्यात कनिष्ठ पदावरचे बँकर) त्यातूनच निवडतात. तिथे नाही जमलं, तरी शेवटचं वर्ष हातात राहतं.

पदवी झाली असेल, तर गणित बदलतं. वर्षभरात कधीही सुरू होणाऱ्या 'ऑफ-सायकल' इंटर्नशिप बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या असतात. काही ठिकाणी त्यापुढे खरोखर जागा असते. काही ठिकाणी मात्र टीमला माणसं कमी पडतात म्हणून इंटर्न घेतात, मुदत संपली की पुढचा घेतात. बाहेरून दोन्ही ऑफर लेटरं सारखीच दिसतात. म्हणून सही करण्याआधी विचारा: याच टीममधल्या किती इंटर्नना मागच्या वर्षी कायम केलं? या वर्षी ॲनालिस्टची जागा मंजूर आहे का? एचआर कदाचित अख्ख्या बँकेचा आकडा सांगेल, तो तुमच्या उपयोगाचा नाही. त्याच टीममध्ये काम करून गेलेल्यांना गाठा, ते खरं सांगतात.

एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. कायम होणं फक्त तुमच्या कामावर ठरत नाही. २०२१ मध्ये जगभरात विलीनीकरणं आणि खरेदीचे ५ लाख कोटी डॉलरहून जास्त रकमेचे व्यवहार झाले, बँकांना माणसं पुरत नव्हती. २०२२ मध्ये व्याजदर चढले, व्यवहार आटले आणि २०२३ मध्ये त्याच बँकांनी माणसं कमी केली. २०२१ आणि २०२३ मधले इंटर्न सारखेच हुशार होते, सारखेच राबले होते.

आणि राबणं म्हणजे किती? २०२१ मध्ये गोल्डमन सॅक्सच्या पहिल्या वर्षाच्या काही ॲनालिस्टनी आपसात पाहणी केली, तर आठवड्याचे सरासरी ९५ तास निघाले. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने कनिष्ठ बँकर्ससाठी बहुतेक वेळा ८० तासांची मर्यादा घातली. हे झेपेल का, याचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या.

नोकरी कोणती आहे, यावर माझ्या मते सगळ्यात जास्त विचार व्हायला हवा. व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत काढणं), ड्यू डिलिजन्स (व्यवहाराआधी कंपनीची तपासणी), कॉर्पोरेट कर्जाचं विश्लेषण, दुसऱ्या कंपन्या विकत घेण्याचे व्यवहार पाहणारी एखाद्या कंपनीच्या आतली टीम, यातलं काही असेल तर नोकरी घ्या. ताळेबंद वाचणं, कंपनीच्या पुढच्या कमाईचा अंदाज मांडणारं मॉडेल बांधणं, आकड्यांमागचा धंदा ओळखणं तिथेही शिकता येतं. वर्ष-दोन वर्षांनी अशा कामातून बँकेत शिरणारी माणसं आहेत. नोकरीचा या कामाशी काडीचाही संबंध नसेल, बँकिंगच करायचं असेल आणि इंटर्नशिपनंतर कायम केलं नाही तरी काही महिने पगाराविना निभत असेल, तर इंटर्नशिपची जोखीम घ्यावी.

निभत नसेल तर नोकरी घ्या. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू असलेल्या मुलीला 'स्वप्नासाठी धोका पत्कर' असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. हप्ता तिला भरायचा असतो, त्यांना नाही. घरचा विचार करणाऱ्या मुलांना महत्त्वाकांक्षा कमी आहे, असं कुणी म्हणू नये.

ठरत नसेल तर दोन्हीकडे मुदत मागा. नोकरी काही महिन्यांनी सुरू करता येईल का, हेही विचारा. नम्रपणे विचारल्यामुळे सहसा कुणी ऑफर काढून घेत नाही. पण एकीकडे सही करून दुसरीकडे जाऊ नका. या क्षेत्रात माणसं एकमेकांना ओळखतात, आणि तुमच्यासाठी अडवून ठेवलेली ती जागा दुसऱ्या कुणालातरी मिळाली असती.