कॉलम यूटीएफ-८ केला, तरी ‘वऱ्हाड’ सापडेना

डेव्हलपरांच्या ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: “कॉलम यूटीएफ-८ करा, मराठीचं काम संपलं. लांबी, शोध, क्रम डेटाबेस बघून घेतो.” बघत नाही. (यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक तक्त्यातली, अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत.)

आधी नावातलीच गोम. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला ‘यूटीएफ८’ एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी तेवढ्यात बसते, म्हणून टेस्टिंगमध्ये सगळं झकास दिसतं. मग कुणीतरी अभिप्रायाच्या शेवटी हात जोडलेला इमोजी टाकतं आणि नोंद नाकारली जाते. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर आणखी वाईट: इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो. ‘इमोजी हवेत कुणाला?’ म्हणणाऱ्यांसाठी: २०१४ साली युनिकोडमध्ये आलेली मोडी लिपीही चार बाइटांची आहे. चार बाइटांपर्यंत जाणारा ‘यूटीएफ८एमबी४’ २०१० पासून आहे, तो घ्या.

लांबीचं म्हणाल तर ‘महाराष्ट्र’ डोळ्यांना चार अक्षरं, युनिकोडच्या हिशेबात दहा, बाइट तीस. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस दहा मोजतात. ओरॅकल डेटाबेसचा व्हारकॅर२(२०), म्हणजे २० लांबीचा मजकुराचा कॉलम, मात्र मुळात बाइट मोजतो. त्यात महाराष्ट्र मावतच नाही.

खरी गंमत शोधात आहे. गावांच्या एका यादीत मी ‘वऱ्हाड’ शोधत होतो. नोंदी डोळ्यांसमोर दिसत होत्या, क्वेरीला काही मिळत नव्हत्या. कारण हा ऱ्ह तीन तऱ्हांनी टाइप होतो: थेट ऱ वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायचं चिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखे, पोस्टग्रेसच्या नेहमीच्या ‘=’ला तीन वेगळे शब्द. आवृत्ती १३ पासूनचं नॉर्मलाइज फंक्शन पहिले दोन एक करतं, तिसऱ्याला हात लावत नाही. म्हणून वैतागून सगळे झेडडब्ल्यूजे उडवू नका. रफार ह च्या डोक्यावर चढतो आणि ‘वर्हाड’ होतं. नोंद आत घेतानाच ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवा, आणि शोधाचा शब्दही त्याच चाळणीतून घाला.

क्रमाचंही तेच. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या जवळ बसतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. त्यामुळे नुसत्या कोडक्रमाने लावलेल्या यादीत ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी येतात. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन (क्रम लावायचे नियम) लावलं की काळे आपल्या जागी जातात.