आयएफएससी सांगितला म्हणून खातं रिकामं होत नाही हो

फॅमिली ग्रुपवर आयएफएससीचा, म्हणजे पैसे पाठवताना लागणाऱ्या बँक ब्रँचच्या कोडचा, परत तोच फॉरवर्ड फिरतोय, "आयएफएससी कोड कुणाला देऊ नका, त्यावरून खातं साफ करतात, आणि कोड चुकला तर पैसे कायमचे गेले, नाव मात्र बरोबर टाका, आणि कोड दुसऱ्या बँकेचा दिसला तर फ्रॉड". काकांनी लगेच भाडेकरूला कोड द्यायचं नाकारलं, तो बिचारा भाडंच पाठवायला मागत होता!

पहिलं म्हणजे हा कोड गुपित नाहीच. तो तुमच्या खात्याचा नसतो, ब्रँचचा असतो, त्या ब्रँचमधल्या सगळ्यांना एकच, आणि रिझर्व्ह बँकेच्या साइटवर पूर्ण यादी पडलेली आहे. एकूण ११ अक्षरं-आकडे, पहिली चार अक्षरं बँकेची (बँक ऑफ महाराष्ट्र असेल तर एमएएचबी), शेवटचे सहा ब्रँचचे, आणि मधलं पाचवं ते शून्य, बरेच जण तिथे इंग्रजी ओ टाकतात आणि मग ॲपला शिव्या घालतात. लपवायचं ते ओटीपी आणि पिन.

कोड चुकला तर पैसे गेले? अहो, असा कोडच नसेल तर ॲप पुढेच जाऊ देत नाही. त्याच बँकेच्या दुसऱ्या ब्रँचचा पडला तर खातेनंबर बरोबर असल्यावर बहुतेक वेळा जमा होतात, नाहीतर परत येतात. भलत्याच बँकेचा पडला आणि तिथे तो नंबर नसेल तरी परतच. खरा घोळ खातेनंबर चुकण्यात आहे, कारण एनईएफटी-आरटीजीएसमध्ये (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या सिस्टिम) पैसे नंबर बघून जमा होतात, नाव जुळवून नाही. नाव बरोबर टाकलं म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसायचे. म्हणून तर पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसायची सोय द्या म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ ची मुदत दिली होती. ते नाव वाचा, नुसतं पुढे पुढे दाबू नका.

आणि "कोड दुसऱ्या बँकेचा दिसला तर फ्रॉड" हे तर सहकारी बँकवाल्यांना उगाच घाबरवणं. छोट्या सहकारी बँका कधीकधी मोठ्या बँकेमार्फत एनईएफटी-आरटीजीएसमध्ये असतात, मग कोड त्या मोठ्या बँकेच्या अक्षरांनी सुरू होतो.

घाबरायचंच तर जुन्या पासबुकावरच्या कोडला घाबरा. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, तिचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद.

काकांना शेवटी चेकबुक काढायला लावलं. कोड तिथेच छापलेला बघून म्हणतात, "म्हणजे इतकी वर्षं मी हा वाटतोच आहे की!"