टो-हुक लावताना घ्यायची काळजी, म्हणजे हुकाची

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. बंद पडलेली गाडी ओढून न्यायला कंपनीने गाडीसोबत जो हुक दिला आहे, तो शोधायचा नाही. तो डिक्कीत, मॅटखाली, स्टेपनीच्या शेजारी, जॅक आणि टॉमीच्या, म्हणजे चाकाचे नट खोलायच्या दांड्याच्या, सोबतीने पडलेला असतो. पडू द्या. पोलादाचा आहे, एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला जाड आटे, रंग काळा किंवा तोही नाही. म्हणजे दिसायला अगदीच गरीब. शिवाय फुकट आलेला. फुकटच्या वस्तूने आजवर कोणाची इज्जत वाढली?

बंपरवर एका बाजूला छोटंसं झाकण दिसतं, त्याच्यामागे हा हुक फिरवून बसवायची जागा असते. हे कोणाला सांगू नका. यवतमाळपासून हिंगणघाटापर्यंत कोणत्याही पानठेल्यावर विचारून पाहा. एक म्हणेल, तिथं सेन्सर हाय. दुसरा म्हणेल, टॉप मॉडेलले तिथं लाइट येते, तुले कंपनीनं गंडवलं. खर्रा घोटणारा मान वर न करता सांगेल की ते उंदरासाठी हाय. या चर्चेत भर घालून चार माणसांची संध्याकाळ नासवू नये.

हुक विकतच घ्यावा. ऑनलाइन मिळतो. लाल, निळा, जांभळा, सोनेरी, कडीवर कोरलेलं ‘रेसिंग’ आणि सोबत एक बाणाचा स्टिकर. काहींना मागे आटे असतात. काही बंपरच्या प्लास्टिकलाच दोन स्क्रूंनी ठोकायचे असतात. आणि काहींच्या पाठीला नुसती दोन्हीकडून चिकटणारी टेप. जाणकार टेपवालाच घेतात. आट्यांचा हुक चुकून खरोखर कामी येऊ शकतो, आणि एकदा कामी आला की त्याच्या रंगावर ओरखडा आलाच.

हे लाल-पिवळं प्रकरण आलं कुठून, तेही ठाऊक असलेलं बरं. लग्नात कोणी विचारलं तर सांगता येतं. मोटारींच्या शर्यतीत एखादी गाडी ट्रॅकवर बंद पडली की मागून बाकीच्या सुसाट येत असतात. तिला क्षणात बाजूला ओढायचं, तर मार्शलला हुक लांबूनच दिसला पाहिजे. म्हणून नियमानेच तो पिवळा, लाल किंवा नारिंगी रंगवतात आणि जवळ बाण काढतात. आपल्याकडे बाणाची खरं तर गरज नाही. गाडी फसली की अख्खं गाव येतं आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. पण स्टिकर पाकिटात आलाच आहे तर लावा. जपानमध्ये हौशी पोरं मागच्या हुकाला लोकल गाडीत उभ्याने धरायच्या कड्या लटकवतात, तेवढं बघून हिरमुसू नका. आपल्याकडे लिंबू-मिरची आहे, काळी बाहुली आहे, आणि ट्रकवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला फाटका जोडा आहे.

पुढे लावायचा की मागे? पुढेच. विचार करायचा नाही. मागच्या हुकाला दुसऱ्याची गाडी बांधायची असते, आणि तुमची हजार सीसीची गाडी चार माणसं आणि तुरीचं एक पोतं घेऊन घाट चढताना एसी बंद करायला लावते, ती कोणाला ओढणार? पुढच्या हुकाला मात्र दुसरे तुम्हाला बांधतात. म्हणजे तो लाल हुक आणि त्याच्याकडे दाखवणारा बाण मिळून रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत असतात: मले ओढा. गावातली पोट्टी याला दमदार लूक म्हणतात, तर म्हणू द्या. तसंही पुढचा हुक लावून वाट पाहत बसण्यात आपला विदर्भ जुना आहे. विदर्भाला वाटा द्यायचं कबूल करणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराने एक हुक लावला, १९८४ च्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजून दुसरा लावला, त्यानंतरच्या समित्यांनी त्यांना रंग दिला. ओढणारा मुंबईहून निघाला आहे म्हणतात.

आता बसवणं. झाकण काढायला टॉमी वापरा. एका कडेला अंगठ्याने दाबलं की ते दुसऱ्या कडेने उचलतं, पण अंगठ्याने केलेल्या कामाला आवाज येत नाही. झाकण पडू नये म्हणून आतून प्लास्टिकची एक बारीक दोरी असते, ती पहिल्याच झटक्यात तुटायला हवी. झाकण गेलं की ते भोक वाया जात नाही. कुंभारमाशी दोन-तीन दिवसांत तिथे मातीचं घर बांधते, आणि पुढे कधी खरा हुक बसवायची वेळ आली तर आटे आधीच सिमेंटने भरल्यासारखे तयार मिळतात.

काही गाड्यांत हे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायचे. कंपनीने त्यामागे काही विचार केला असेल, तो विचार तुम्ही करू नये. तुम्ही उजवीकडेच फिरवा. जाईना, तर पाइप घालून जोर लावा. तरी जाईना, तर वेल्डिंगवाल्या भाऊंना बोलवा. ते बंपरकडे न पाहताच विचारतील, ‘पक्का करायचा का दाखवाचा?’ याचं उत्तर द्यायच्या आत ठिणग्या सुरू झालेल्या असतात. पोलादाला घडवताना आणि तापवून-निववून पक्कं करताना जी ताकद आलेली असते, ती वेल्डिंगच्या टाक्याच्या आसपास उष्णतेने जाते. पण टाका दिसायला जाडजूड असतो, आणि आपण दिसण्यासाठीच तर आलो आहोत.

आटे बरोबर बसलेच, तर दोन फेरे पुरे. कंपनीचं पुस्तक सांगतं की हुक आत टेकेपर्यंत फिरवा आणि मग कडीत टॉमी आडवी घालून घट्ट करा, कारण ओढीचा सगळा भार त्या आट्यांवर येतो. जेवढे आटे धरतील तेवढाच जोर. पण पूर्ण आत गेलेला हुक बाहेर दिसतो किती? म्हणून हौशी मंडळी लेथवाल्याकडून दांडा लांब करून घेतात. हुक बंपरच्या बाहेर वीतभर आला की चौकात उभं राहणाऱ्याची नडगी बरोबर त्याच उंचीवर येते. पुस्तकात असंही लिहिलं आहे की काम झालं की हुक काढून ठेवा. काम झालं की! म्हणजे बघा, हे लोक हुक कशासाठी घेतात.

रंगाची घाई नको. इकडे रंगाला अर्थ असतो. जिल्हा परिषदेच्या आधी एक हुक रंगवला आणि विधानसभेनंतर आमदारांनीच गमछा बदलला, तर तुमचा हुक चारचौघांत विरोधी पक्षात जातो. एक शहाणे कार्यकर्ते दोन्ही बाजूंनी वेगळ्या रंगाचा हुक करून घेणार होते, फक्त अर्धा फेरा फिरवायचा. आट्यांनी ऐकलं नाही, नाहीतर हा विदर्भातला सगळ्यात उपयुक्त शोध ठरला असता.

कायद्याची भीती बाळगू नका, तो मोठ्यांसाठी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत मनमानी फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, असं कलम १८२-अ मध्ये आलं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं होतं की गाड्यांपुढचे लोखंडी बुलगार्ड काढायला लावा. असे बुलगार्ड बंपरच्या चुरगळणाऱ्या भागाला ठोकर खाऊ देत नाहीत, ती थेट गाडीच्या सांगाड्यात जाते आणि समोरच्या पायी माणसाला जास्त मार बसतो. तुम्ही तेव्हा बुलगार्ड काढून गोठ्यात टाकला, आता त्यावर कोंबड्या बसतात. हुक म्हणजे त्याच बुलगार्डचं पुनर्वसन समजा.

मृग बरसला की हुकाची खरी कसोटी येते, तेव्हा त्याला सांभाळून घ्यायला शिका. वावराकडे जाणारा पांदण रस्ता मंजूर आहे. गेल्या निवडणुकीत होता, त्याआधीच्याही होता. त्यामुळे गाडी घेऊन बिनधास्त जा. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पहिल्या झडीत फुगून त्या बुजवते. मग ती चाकाला सोडत नाही. डांबरी रस्त्यावर बंद पडलेली हजार किलोची गाडी दोन माणसं गप्पा मारत ढकलतात, कारण तिथे लागणारी ओढ वजनाच्या शंभरात एक-दोन भागांएवढी असते. पोटापर्यंत रुतलेल्या गाडीला मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे माती ओढते, गाडी ओढते, आणि मध्ये तुमचा ॲल्युमिनियमचा हुक असतो.

बैलजोडी मिळाली तर उत्तम. बैल हळू हळू, एकसारखा जोर लावतात. बैलबंडीचा दोर बांधला की गाडी बऱ्यापैकी निघते, आणि गाडीची किंमत कितीही असो, शेवटी बैलाच्या शेपटीमागेच निघते. फक्त पोळ्याला फसू नका. आदल्या संध्याकाळी खांदे शेकून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून झालेलं असतं, आणि आवतन दिलेल्या पाहुण्याला जू कोणी लावत नाही. त्या दिवशी गाडी वावरातच राहील. बैल झूल पांघरून तुमच्यासमोरून तोरणाकडे जातील, मान वळवून बघणारही नाहीत.

बहुतेक वेळा येतो तो ट्रॅक्टर. आता नीट लक्ष द्या. दोर ढिला ठेवा आणि ट्रॅक्टरला म्हणावं, मागे घे अन् दणका दे. वेग दुप्पट केला की दणक्यातली ऊर्जा चौपट होते, त्यामुळे तमाशाही चौपट होतो. दोरावर गोणपाट टाकू नका. गोणपाट टाकलं तर तुटलेला दोर किंवा उपटलेला हुक दूर न उडता खाली पडतो, मग पोट्टे उगाच उभे राहिले म्हणायचे. त्यांना मुद्दाम जवळ, दोराच्या रेषेतच उभं करा, व्हिडिओ तिथून छान येतो. ट्रॅक्टर समोर सरळ उभा करायला जागा नसेल, तर बांधावरून तिरपा लावा. हा हुक सरळ ओढीसाठी बनवलेला असतो, बाजूने ओढला की वाकतो. वाकलेला हुक पाहिला की लोक समजतात, माणूस बरंच काही सोसून आला.

चावी काढून खिशात घाला, म्हणजे स्टिअरिंग लॉक होईल आणि ट्रॅक्टर डावीकडे वळला तरी तुमची गाडी आपल्या मतावर ठाम राहील. इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंत नरम असतो, मग दगड होतो. स्टिअरिंगचंही तसंच, मदत करणारी शक्ती गेलेली असते. हे पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घुसल्यावर कळलेलं जास्त लक्षात राहतं. गाडी पारंपरिक ऑटोमॅटिक असेल तर तिला तशीच, चारही चाकं जमिनीवर ठेवून, तालुक्यापर्यंत टोचन करून, म्हणजे दोराने ओढत, न्या. तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे तेल बंद, आणि चाकं मात्र आतल्या भागांना फिरवत राहतात. गॅरेजवाल्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आहे, त्यांचाही विचार करायला हवा.

१९८९ च्या रस्ते-नियमावलीत टोचनाबद्दल बारीक बारीक लिहून ठेवलं होतं. दोन गाड्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक माणूस हवा, आणि मागे पांढऱ्यावर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत गाडी टोचन केल्याचं लिहिलेलं हवं. आपल्याकडे परवानाधारक माणूस पुढे ट्रॅक्टरवर मडगार्डवर बसून सूचना देतो, आणि गाडीत बारावीचा पुतण्या असतो. अक्षरांचं म्हणाल तर मागच्या काचेवर ‘आईचा आशीर्वाद’ आधीच लिहिलेलं आहे, ते ७५ मिलिमीटरपेक्षा मोठंच असेल.

एक अडचण मात्र येते. ट्रॅक्टरवाले मामा जुने असतात. ते तुमच्या लाल हुकाकडे एकदा पाहतात, बोटाने हलवून बघतात, आणि काही न बोलता साखळी घेऊन चिखलात उताणे होतात. ‘मामा, हुक हाय ना!’ असं तुम्ही ओरडाल. खालून आवाज येईल, ‘तो राहू दे बाप्पा, तो तुटन.’ साखळी चाकामागच्या लोअर आर्मला, म्हणजे चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याला, बसते. गाडी एका ओढीत बाहेर येते, आर्म थोडा वाकतो, आणि पुढचे काही महिने टायर एका बाजूने झिजत राहतात. कंपनीचा तो काळा हुक डिक्कीतून काढला असता तर हे टळलं असतं, पण डिक्कीवर तुरीचं पोतं आहे.

तुमचा हुक तेवढा सहीसलामत असतो. एक ओरखडा नाही. गाडी धुवायच्या आधी फोटो काढा, चिखल अंगावर असताना हुक फार उठून दिसतो. ट्रॅक्टर फ्रेममध्ये येणार नाही, एवढं मात्र पाहा.